आजोबांची पेटी: मोडी कागद, चिकटलेले फोटो आणि आजीच्या आठवणी. सुरुवात कुठून करायची?

कृष्णाकाठची (सांगली)
आजोबांची पत्र्याची पेटी आता आमच्याकडे आली आहे. 2019 च्या पुरात तळाचे कागद भिजले आणि तसेच वाळले. मोडीतले चाळीसेक कागद, जमिनीचे जुने उतारे, स्टुडिओतले काळे-पांढरे फोटो आहेत. काही फोटो एकमेकांना चिकटलेत, एक फ्रेमच्या काचेला. आजी 86 वर्षांची आहे. नातवंडं चार घरांत विखुरलेली. सगळ्यांपर्यंत हे नीट पोचावं म्हणून कागद लॅमिनेट करून घेऊ का?

दप्तर_सातारा
ताई, लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरतं, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो. बोरूची जुनी काळी शाई बहुधा काजळीची असते, पाणी लागलं की पसरते. त्यामुळे ओलं फडकंसुद्धा लावू नका. तोंडाला मास्क बांधून, सावलीत, मऊ ब्रशने बुरशी झाडा.

घडी कडक झाली असेल तर जोराने उलगडू नका, घडीवरच तुकडा पडतो. झाकणाच्या डब्यात तळाला पिळलेला ओला टॉवेल, वर जाळी, जाळीवर कागद. दोन-तीन तासांत घडी मऊ पडते. मधूनमधून बघत राहा, रात्रभर ठेवलात तर बुरशी धरते. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर वजन ठेवा.

बांधायला मांजरपाटाचा रुमाल उत्तम. नवं कापड आधी दोनदा गरम पाण्यातून काढा, कारण खळीला कसर लागते. सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबरगोळ्या कागदाला किंवा फोटोला टेकवू नका.

मोडीवाचक
कालगणनेत हमखास चूक होते, म्हणून आधी तेवढं बघा. 'शके' लिहिलं असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते चैत्र लागेपर्यंतच्या तारखेला 79. फसली (जमीन महसुलाचं जुनं वर्ष) असेल तर साधारण 590. म्हणजे शके 1845 आणि फसली 1333, दोन्ही 1923 च्या आसपासची. नुसतं '1862' दिसलं तर लगेच इसवी धरू नका. शके असेल तर ते 1940 निघतं आणि वंशावळीत बाप-लेकाची अदलाबदल होते.

आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '5।।' म्हणजे साडेपाच. ती पूर्णविरामाची रेघ समजून सोडलीत तर जमिनीचा हिशोब चुकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दांत जागाही सोडत नाहीत. वाचता न आलेला शब्द अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका.

जन्ममृत्यूच्या नोंदी पडताळायला जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर. आपल्या भागात हेळवी (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे) येत असतील तर त्यांच्याकडची वंशावळ उतरवून घ्याच, फक्त तिच्यात बायकांची नावं क्वचित सापडतात.

ओवीवेडी (कराड)
म्हणूनच म्हणते, पेटी बाजूला ठेवा आणि आधी आजीकडे बसा. कागद आणखी वर्षभर टिकतील. कोणती सून कुठल्या गावची, तिचं माहेरचं नाव काय, देवक कोणतं, कुलदैवत पालीचा खंडोबा की शिखर शिंगणापूरचा महादेव, हे कुठल्याच उताऱ्यावर मिळत नाही.

तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा: पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, आजीपासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तारीख, गाव आणि हजर असलेल्यांची नावं बोला. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको. "जुन्या आठवणी सांग" म्हटलं की माणूस गप्प होतं. हातात पितळेचा डबा द्या, धान्य पाखडायचं सूप द्या आणि विचारा, हे कुठून आलं? ओव्या तर नुसत्या बसून आठवत नाहीत. जात्याचा खुंटा हातात आला आणि हात फिरायला लागला की ओळीमागून ओळ येते. चुकली तरी मध्येच दुरुस्त करू नका.

कृष्णाकाठची (सांगली)
लॅमिनेशन रद्द. फोटोंचं काय करू? आणि चार घरांना वाटायचं कसं?

दप्तर_सातारा
काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, मसाला, म्हणजे चित्राचा थर, काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. एकमेकांना चिकटलेले जुने स्टुडिओ प्रिंट स्वच्छ थंड पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवले तर बहुधा सुटतात. पण बुरशी आली असेल किंवा पृष्ठभाग चिकचिकत असेल तर पाण्यात घालू नका. वाळवताना चित्राची बाजू वर ठेवा, उन्हात नको.

स्कॅन करताना कागद 300 डीपीआयवर (इंचामागे ठिपके), फोटो 600 वर. मूळ फाइल पूर्ण दर्जाच्या टिफमध्ये, वाटायला हलकी जेपीईजी. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर फुटतं. दोन हार्ड डिस्क करा, त्यातली एक पूररेषेबाहेरच्या घरात ठेवा आणि दर दिवाळीला उघडून बघा. मूळ कागद एकाच घरी राहू द्या, प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि त्याच क्रमांकांची यादी चारही घरांत द्या.

ओवीवेडी (कराड)
चेहरे ओळखायला आजीपुढे मोबाइल धरू नका. स्कॅन झालेला फोटो वहीच्या पानाएवढा छापून न्या, आणि तिने बोट ठेवलं की नाव त्या छापील प्रतीवरच लिहा.