मदत हवी आहे: फिश टँकच्या फिल्टर-पंपातून पाणी गळतंय, बेळगाव

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. घरी आप्पांचा तीन फुटी फिश टँक आहे. पाणी साधारण दीडशे लिटर, त्यात पाच गोल्डफिश. टँकखालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर ठेवलाय, म्हणजे खाली डबा आणि वर मोटर बसवलेलं झाकण. त्याला पाच वर्षं झाली.

गळती कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. आमच्याकडे जुलैत भिंतींनाही ओल येते, कपाटाची दारं फुगून लागत नाहीत. त्यामुळे कपाटाच्या तळाशी ओलं दिसलं तरी पावसाळी दमट असेल म्हणून आठवडाभर मी फडक्यानं पुसत राहिले. शेवटी एक दिवस प्लायचा कोपरा दाबला तर बोट आत गेलं. मग फिल्टर कोरडा पुसला आणि खाली वर्तमानपत्र घातलं. रात्री घातलेला कागद सकाळी लगदा झाला होता.

झाकण आणि डबा जिथे जुळतात तिथूनच पाणी येतंय असं वाटतं, पण खात्री नाही, कारण पाणी बाहेर सोडणारी नळी पण त्याच बाजूला आहे. झाकण उघडून आतल्या रबरी रिंगला व्हॅसलिन लावलं. चार दिवस थांबलं, आता पहिल्यापेक्षा जास्त गळतंय.

इथल्या दुकानदाराचं म्हणणं, सुटे भाग येत नाहीत, नवीन घ्या. पैशाचा प्रश्न आहेच, पण मोटर अजून छान चालते. आप्पा आजारपणानंतर रोज संध्याकाळी टँकसमोर बसतात, मासे त्यांच्या हातून दाणे खातात. दुरुस्तीच्या नादात माशांना काही झालेलं मला नको आहे. बाहेरून एम-सील लावू का? रिंग मिळेल का? फिल्टर किती वेळ बंद ठेवला तर चालेल?

जुना_फिटर
ताई, एम-सील नको. ते लावलं की झाकण पुन्हा उघडणार नाही आणि आतला स्पंज धुता येणार नाही.

आधी एक बघा. पंप बंद असताना थेंब पडतो का? तुमच्या फिल्टरात मोटर डब्यातलं पाणी ओढून वर टँकमध्ये ढकलते. म्हणजे पंपाचा जोर येतो तो पुढच्या नळीवर. डब्यावर जो दाब असतो तो वरच्या टँकमधल्या पाण्याचाच, आणि तो लाईट गेली तरी तसाच राहतो. पंप चालू असतानाच गळत असेल तर बाहेर सोडणारी नळी किंवा तिचा क्लॅम्प. बंद असतानाही गळत असेल तर रिंग, नाहीतर झाकणाला तडा.

हात लावायच्या आधी प्लग काढा, मग नळीवरचे दोन्ही कॉक बंद करा. कॉक उघडे ठेवून झाकण काढलंत तर सायफननं टँकमधलं पाणी खोलीत येईल. आणखी एक, वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल.

धागाकर्ती
काल पावसात दोन तास लाईट नव्हती. तेव्हाही थेंब पडतच होता. म्हणजे रिंगच ना?

जुना_फिटर
बहुतेक. रिंग काढून नखानं दाबा. गोल असायला हवी ती चपटी झाली असेल तर संपली. व्हॅसलिननं काही जातीचं रबर फुगतं, मग ते खाचेत नीट बसत नाही. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीस वापरा.

जुन्या रिंगचं माप देऊ नका, ती ताणलेली असते. झाकणच घेऊन उद्यमबागेत जा. तिथे हायड्रॉलिक सील विकणारी दुकानं आहेत, ते व्हर्नियर लावून खाच मोजतात आणि त्या मापाची काळी नायट्राइल रबराची ओ-रिंग देतात. खाचेत बसवल्यावर रिंग थोडी वर उठलेली दिसली पाहिजे, म्हणजे झाकण लागल्यावर ती दाबली जाईल.

खानापूरहून
माशांबद्दल सांगतो, कारण माझे याच चुकीनं गेलेत. फिल्टरमधल्या स्पंजात आणि सिरॅमिक नळ्यांत जे जिवाणू असतात, ते माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवतात. फिल्टर बंद पडला की डब्यातल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि ते मरायला लागतात. म्हणून स्पंज आणि नळ्या टँकच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवा आणि त्यात हवेच्या पंपाची नळी सोडा. नळाच्या पाण्यात धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टँकमध्येही हवेचा दगड (नळीच्या टोकाला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा. गोल्डफिश फार घाण करतात, तेव्हा दोन दिवस दाणे अगदी कमी घाला. आप्पांना समजावणं अवघड जाईल, पण कराच.

धागाकर्ती
झालं! सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

रिंग एका बाजूला पट्टीसारखी चपटी झाली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाचेत गोगलगाईच्या शंखाचा बारीक तुकडा अडकला होता. नुसती रिंग बदलली असती तरी तिथून पाणी आलंच असतं. जुन्या टूथब्रशनं खाच साफ केली. उद्यमबागेत दुसऱ्याच दुकानात रिंग मिळाली, 25 रुपयांना. दुकानदारांनी दोन घ्यायला लावल्या, बरं झालं.

लगेच कपाटात ठेवला नाही. न्हाणीघरात स्टुलावर पाण्याची बादली, खाली फिल्टर, दोन्ही नळ्या बादलीत, असा तासभर चालवला. मग तासभर बंद करून ठेवला, कारण खरी परीक्षा बंद असतानाच होती. खालचा कागद कोरडा राहिला.

स्पंज त्या काळात बादलीत हवेवर होता. आज चौथा दिवस, पाचही मासे व्यवस्थित आहेत. आप्पांनी दोन दिवस दाण्यांची डबी माझ्याकडे देऊन ठेवली होती, आज परत मागून घेतली.

दादा, एकच विचारायचं राहिलं. मोटरचा पंखा हातानं फिरवला तर थोडा डुगडुगतो. आताच बदलावा का, की आवाज येईपर्यंत थांबू?