जुन्या एमजीबीला रुंद चाके आणि रुंद टायर बसवावेत का?

करवीरकर

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की चाकांचा विषय निघतोच आणि सल्लाही ठरलेला असतो: रुंद रिम घ्या, रुंद टायर टाका, गाडी रस्ता धरून चालेल. माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिला मूळची ६० स्पोकची, साडेचार इंच रुंदीची चाके आहेत आणि ती मध्यभागी एकाच मोठ्या नटाने, हातोडी मारून आवळली जातात. रुंद टायरचा सल्ला मी मानलेला नाही. त्यामागची कारणे मांडतो. ज्यांना ती पटत नाहीत त्यांनी अवश्य लिहावे.

मुख्य कारण गाडीच्या घडणीतच आहे. १७९८ सीसीचे इंजिन, सुमारे ९५ अश्वशक्ती, एक टनाच्या आतले वजन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे आणि चारही चाकांना जुन्या लिव्हर पद्धतीचे शॉक अब्सॉर्बर. १५५ किंवा १६५ मिलिमीटर रुंदीचा टायर जेवढी पकड देईल तेवढा ताण सोसण्याच्या हिशेबाने हा सांगाडा बांधलेला आहे. पुढे १९७३ मध्ये कंपनीने याच गाडीच्या बंद टपाच्या जीटी प्रकारात ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन बसवले आणि शक्ती १३७ अश्वशक्तीवर नेली, तरी टायर दिला तो १७५ चाच. स्पोकची चाके तर त्या गाडीला दिलीच नाहीत. ज्यांनी गाडी घडवली त्यांना एवढ्या शक्तीला १७५ पुरला, तर माझ्या ९५ अश्वशक्तीला १८५ आणि १९५ कशासाठी हवेत?

चालवण्याचा आनंद हाही मुद्दा मी तितकाच महत्त्वाचा मानतो. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणांवर मूळ मापाच्या टायरची पकड सुटण्याआधी स्टिअरिंग हाताला हलके लागू लागते, टायरचा बारीक आवाज येतो आणि पाय सैल करायला वेळ मिळतो. हे सगळे बेताच्या वेगात घडते. रुंद टायरची मर्यादा वर असते हे खरे, पण ती ओलांडली जाते तेव्हा वेगही जास्त असतो आणि सावध व्हायला उसंत कमी मिळते. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही सुमारे २०० अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिला आपल्याच प्रियस गाडीवरचे २१५ रुंदीचे टायर जाणीवपूर्वक दिले होते, ते याच विचाराने.

शिवाय १६५/८० आर १४ (१६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के उंचीची बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल, आणि १४ इंची रिम) हे माप स्विफ्ट आणि डिझायरच्या काही प्रकारांवर येते, त्यामुळे आपल्या गावात ते कोणत्याही टायरवाल्याकडे मिळते. साठ वर्षांपूर्वी आखलेल्या गाडीला जवळजवळ मूळ मापाचा ताजा टायर इतक्या सहज मिळावा, ही सोय सोडून देण्यासारखी नाही.

उद्यमनगरी

करवीरकर साहेब, आपला शेवटचा मुद्दाच मला सर्वांत कच्चा वाटतो. स्विफ्टवरचा १६५/८० टायर हा इंधन वाचवण्यासाठी आणि वर्षानुवर्षे टिकण्यासाठी बनवलेला कौटुंबिक गाडीचा टायर आहे. त्याचे रबर कडक, साइडवॉल उंच आणि लवचीक. माप जुळले म्हणून तो स्पोर्ट्स कारचा टायर होत नाही.

मी १९५ चा आग्रह धरणार नाही, पण १८५/७० आर १४ चा हिशेब करून पाहावा. १६५/८० आर १४ चा व्यास साधारण ६२० मिलिमीटर भरतो आणि १८५/७० चा ६१५. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित जवळपास जसेच्या तसे राहते. साइडवॉलची उंचीही दोन-अडीच मिलिमीटरनेच कमी होते, त्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची भीती वाढत नाही. त्या बदल्यात वळणावर टायर कमी मुडपतो. महामार्गावर पुढचा कंटेनर अचानक थांबतो तेव्हा आपल्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम एवढाच आधार आहे. अशा वेळी चांगल्या रबराचा १८५ जी चार हात जागा वाचवेल, ती वाचवू नये असे आपण म्हणणार का?

आणि कारखान्याने ठरवले तेच अखेरचे, हेही मला मान्य नाही. पोर्शे ९११ सुरुवातीला साडेचार इंची रिमवर १६५ चे टायर घेऊन आली. १९६९ च्या ९११ एस ला त्याच कंपनीने सहा इंची रिम आणि १८५/७० टायर दिले. घडवणारेही शिकत जातात.

घाटवाट

मी करवीरकरांच्या बाजूने आहे, पण माझे कारण पावसाचे आहे. जुलैमध्ये गगनबावड्याच्या रस्त्याने जाणाऱ्याला रस्त्यावर पाण्याचा थर किती वेळ टिकतो हे सांगायला नको. रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आडवा पसरतो आणि पुढून मागे आखूड होतो. समोरचे जास्त पाणी त्याला कमी वेळात बाजूला सारावे लागते. ज्या टायरवर अशा हलक्या गाडीचे वजनही कमीच पडते, तो पाण्यावर आणखी लवकर तरंगतो. गळीत हंगामातही तेच. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस चिरडून आणि शेतातून आलेली माती मिसळून रस्त्यावर जो राडा होतो, त्यावर अरुंद टायर खाली दाबून पक्का थर गाठतो. आपल्या भागात वर्षातले निम्मे महिने रस्ता असाच असतो.

उद्यमनगरी

पाण्यावर तरंगण्याबद्दल नासाच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांतून निघालेले एक ढोबळ सूत्र आहे. त्यात टायरची रुंदी येतच नाही. केवळ टायरमधील हवेचा दाब येतो. २४ पीएसआय हवा असेल तर टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या किंचित पुढे निघतो. गगनबावड्याच्या वळणांवर भर पावसात त्या वेगाने कोण जाणार आहे? त्यापेक्षा खाचांची खोली आणि हवेचा दाब सांभाळणे जास्त मोलाचे आहे.

घाटवाट

ते सूत्र विमानांच्या टायरांवरील प्रयोगांमधून आले, आणि पुढे त्याच संशोधनात ठशाच्या लांबी-रुंदीचाही हिशेब धरावा लागला, कारण ट्रक आणि मोटारींच्या टायरना केवळ दाबाचा नियम पुरेना. घाटात ८० चा वेग नसतो हे मान्य, पण उजळाईवाडीहून कागलच्या दिशेने महामार्गावर तो सहज असतो, आणि पाणी तिथेही साचते. खाचांच्या खोलीबद्दल मात्र आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे.

पाटे-कमान

मी याच कामात असल्यामुळे दोन्ही बाजूंना न दिसलेली गोष्ट सांगतो. प्रश्न टायर किती रुंद याच्या आधी तो बसणार कोणत्या रिमवर हा आहे. साडेचार इंची रिमला १८५ टायर अगदी खालच्या मर्यादेवर बसतो. त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगीर होतो, आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती जमिनीला पुरती टेकतच नाही. म्हणजे साडेपाच इंची रिम आली. स्पोकच्या चाकांत ती ७२ स्पोकची मिळते, पण बाहेरून मागवावी लागते. स्पोकच्या रिममधून हवा गळू नये म्हणून बहुतेक ठिकाणी ट्यूबही घालावीच लागते. बोल्टच्या चाकांना जसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) करून घेता येतो, तसा या खाचांच्या हबला (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) घालता येत नाही; स्पोक कसे ओवले आहेत यावरच चाक किती आत किंवा बाहेर बसेल हे ठरते. ते बाहेर सरकले की स्टिअरिंग जड होते, खड्ड्याचा झटका थेट हाताला येतो आणि बेअरिंग व किंगपिनची (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ) झीज वाढते. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही हे विसरू नये.

मागची जागा तर आणखी कमी. पाट्यांवरचा अॅक्सल वळणावर थोडा आडवा सरकतो, पाट्यांच्या टोकांचे बुश (रबरी अस्तर) झिजले असतील तर जास्तच सरकतो, आणि टायरचा खांदा फेंडरच्या आतल्या घडीला घासतो. दोन्ही बाजूंची फट सारखी असेल असे धरून चालू नये. आम्ही फेंडरच्या आत त्या घडीवर शाडूच्या मातीचे छोटे गोळे चिकटवतो, मागे दोन माणसे बसतील एवढे वजन ठेवतो आणि गाडी वळणावळणाच्या रस्त्याने नेऊन आणतो. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे उरलेली फट. ती एक बोटभरही नसेल तर १८५ चा विचार सोडावा.

पोर्शेचे उदाहरण मात्र अर्धेच दिले आहे. १९६९ मध्ये त्यांनी टायर रुंद केले त्याच वेळी दोन अॅक्सलमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले आणि चाकांवरच्या कमानीही फुगवल्या. गाडीच बदलली, मग टायर बदलले.

मूळरूप

घासते म्हणून फेंडर कापण्याचा मोह ज्यांना होईल त्यांच्यासाठी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम काटेकोरपणे वाचले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांतही चासी, बॉडीशेल आणि इंजिन मूळ रूपात असण्याची अट आहे. रिम उद्या परत बदलता येते. कापलेला पत्रा जागेवर येत नाही. १९६९ ची गाडी असताना हा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करू नये.

करवीरकर

पाटे-कमान यांचा रिमचा मुद्दा माझ्या भूमिकेला बळ देणारा आहे, तरी उद्यमनगरी यांच्या रबराच्या आक्षेपाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. स्विफ्टचा टायर कडक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मधला मार्ग म्हणून १७५ पाहिला, पण १७५/७० आर १४ चा व्यास सहाशेवर येतो, म्हणजे तीन टक्क्यांनी लहान. महामार्गावर इंजिन विनाकारण जास्त फिरेल. १७५/८० उलट तेवढाच मोठा होतो. म्हणून माझे मत तेच राहते: १६५, मूळ रिम, आणि आधी मागच्या पाट्यांचे बुश नवे.

उद्यमनगरी

बुश आधी, यावर आपले एकमत आहे. ते झाल्यावर शाडूची चाचणी करून फट किती निघाली ते इथे लिहावे. ती पुरेशी निघाली तर १८५ साठी मी पुन्हा भांडेन. तोपर्यंत १६५ घेणारच असाल तर दुकानदाराला साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे दाखवायला सांगा. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. आपली गाडी वर्षात थोडीच फिरते. तिचे टायर झिजण्याच्या आधी वयाने कडक होतात. खाचा शिल्लक आहेत म्हणून दहा वर्षांचा टायर चालवू नका, मग तो १६५ असो की १८५.