बेसचा स्वतःचा टोन: आधी हात की आधी तारा?

खारा_वारा (वेंगुर्ला)

सहा वर्षं झाली बेस गिटार वाजवतोय, शिकवणारं कोणी नव्हतं, फोनवर व्हिडिओ बघून आणि कानाने ऐकून जे जमलं ते. सेकंडहँड चार तारांचा, जॅझ बेस या मॉडेलच्या धर्तीचा बेस आहे. पहिली तीन वर्षं मी फक्त दुसऱ्यांच्या सेटिंगच्या मागे होतो, मल्टीइफेक्ट (आवाज बदलणारा डबा) घेतला, कोणाच्या तरी नावाचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावला की दोन दिवस भारी वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच, हा आवाज माझा नाही असं वाटत राहायचं. नीट झोप लागायची नाही इतकं ते डोक्यात होतं.

मग दोन वर्षांपूर्वी पावसात आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती. अँप बंद, मल्टीइफेक्ट बंद. बेसचं डोकं, म्हणजे हेडस्टॉक, आजीच्या फणसाच्या लाकडाच्या कपाटाला टेकवलं आणि वाजवलं तर अख्खं कपाट वाजायला लागलं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं की बोट बेसच्या गळ्याजवळ (नेकजवळ) लावलं की आवाज गोल आणि पसरट येतो, ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली टेकतात तिथे, गेलं की घट्ट आणि नाकातला येतो, आणि या दोन टोकांच्या मध्ये एका वीतभर जागेत दहा वेगवेगळे आवाज आहेत. बोटाचं टोक लावलं की एक, बोटाचा गर लावला की दुसराच. डाव्या हाताने सूर सोडायचा कधी, यावर तर निम्मा टोन आहे आणि तो कुठल्याच पेडलमध्ये मिळत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. जे स्वतः शिकतात त्यांनी एक वर्ष सगळ्या नॉब मधोमध ठेवाव्यात, काही विकत घेऊ नये आणि हात शोधावा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन एका तर्जनीने वाजवायचा, आधी डबल बेस वाजवायचा त्याची ती सवय, आणि त्या एका बोटाचा आवाज जगाने ऐकला. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडा, मला खरंच ऐकायचंय.

जांभा_चिरा (रत्नागिरी)

दादा मनापासून लिहिलंय पण मला हे पटत नाही आणि जो नवीन पोरगा वाचेल त्याचं नुकसान होईल असं वाटतं म्हणून लिहितोय.

जेमरसनचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा होत्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा होता आणि स्टुडिओत बेस थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये जायचा. ते एक बोट राउंडवाउंडच्या (गोल वेटोळ्यांच्या, खाचा असलेल्या) नव्या कोऱ्या तारांवर ठेवलं असतं तर तो आवाज आला नसता. दुसरा नावाजलेला बेसवाला जॅको पास्टोरियस बघा, १९६२ चाच पण जॅझ बेस, फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या) काढलेले, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर, वर राउंडवाउंड तारा, हात मागच्या पिकअपपाशी (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकापाशी). हात जॅकोचाच, पण त्या तारा आणि तो थर नसता तर त्या हाताला ते गाणं सापडलं असतं का?

आता माझी गोष्ट. मी पण स्वतः शिकलो. दोन वर्षं माझा आवाज बारीक आणि खडखडीत यायचा, मनगट दुखायचं, आणि मी तुमच्यासारखंच म्हणत होतो की माझा हातच वाईट आहे, अजून सराव पाहिजे, रोज तीन तीन तास, डोळ्यात पाणी यायचं कधी कधी. शेवटी एका ओळखीच्या गिटारवाल्याने बेस हातात घेतला आणि पाच मिनिटांत सांगितलं की गळा वाकलाय, ॲक्शन (तारांची उंची) वर आहे आणि पिकअप तारांच्या इतका जवळ आहे की चुंबक तारेला ओढतोय, त्यामुळे सूर डुगडुगतोय. ट्रस रॉड (गळ्याच्या आतली सळी) थोडा फिरवला, पिकअप खाली घेतला. त्याच दिवशी आवाज आला. दोन वर्षं मी माझ्या हाताला दोष दिला आणि चूक हाताची नव्हतीच!

आणि आपल्याकडे तर हे जास्तच आहे. समुद्राची हवा, घाम, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या, नव्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि गळा हलतो, मेमध्ये लावलेला सेटअप ऑगस्टमध्ये राहत नाही. गंजलेली तार बाराव्या फ्रेटवर सुरातच येत नाही, तिच्यावर तुम्ही वर्षभर काय शोधणार? आधी तारा, आधी सेटअप, मग हात.

कोपऱ्यातला_अँप (चिपळूण)

मी साउंड करतो, लग्नं, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, शिमग्यात गावचे कार्यक्रम. तुम्ही दोघेही घरातल्या आवाजाबद्दल बोलताय आणि घरातला बेस खोटं बोलतो, हे माझं म्हणणं.

समजा खोली १२ बाय १० फूट, जांभ्याच्या भिंती, खाली लादी. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला तर १२ फुटाच्या बाजूला खोली साधारण ४७ हर्ट्झला स्वतःच घुमते आणि १० फुटाच्या बाजूला ५६ ला. बेसची मोकळी ए तार आहे ५५ हर्ट्झ. म्हणजे ए वाजवला की खोली वाजते, तुम्ही नाही. कोपऱ्यात उभे राहिलात तर ढम्म, खोलीच्या मधोमध आलात तर तोच सूर गायब. आता त्या खोलीत बसून कोणी म्हणाला की मला ए तार जड वाटते म्हणून मी हात हलका केला, तर त्याने भिंतीसाठी हात बदलला.

मग हाच माणूस आमच्याकडे मैदानावर येतो. भिंती नाहीत, काही परत येत नाही, आणि त्याला वाटतं टोन मेला. घाबरून बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, गावच्या कार्यक्रमाला जे टॉप (वरचे स्पीकर) लागतात ते तितकं खाली नीट देतच नाहीत, ऐकणाऱ्याला खरं कळतं ते वरच्या हार्मोनिक्सवरून (त्याच सुराच्या वरच्या पटींवरून), खालचा सूर कान स्वतः भरून घेतो. म्हणून मधल्या फ्रिक्वेन्सी काढून टाकलेला घरातला गोड टोन मंडपात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या खाली गाडला जातो. आणि मग आयोजक म्हणतात, बेसवाला कशाला, कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल की. हे मी डोळ्यांनी बघितलंय, चांगल्या चांगल्या पोरांचं काम असं गेलंय, वाईट वाटतं.

टोन चांगला की वाईट हे दहा जणांत वाजवल्यावरच ठरतं. एकट्याने कपाटाला टेकवून ठरत नाही.

सुरंगी (दापोली)

कोपऱ्यातले दादा, तुमचं खोलीचं गणित वाचून मी लगेच हेडफोन काढून, अँपवर, खोलीच्या मध्यभागी जाऊन वाजवलं आणि खरंच ए कमी झाला, त्याबद्दल थँक्यू. पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे.

मी दीड वर्ष शिकतेय, नोकरी करून, रात्री साडेनऊनंतर, एरवी हेडफोनवरच. मला स्टेजवर जायचंच नाहीये. आमच्या इथे बेस वाजवणारं दुसरं कोणी मला माहीत नाही, बाई तर नाहीच. मग मला जो आवाज ऐकून समाधान वाटतं तो खोटा का? दहा जणांत ठरतं म्हणजे ज्याला दहा जण मिळाले नाहीत त्याने टोन शोधूच नये का?

मात्र खारा_वारा, तुमच्याशीही एका जागी भांडण आहे. प्रीसेट वाईट असं तुम्ही म्हणता पण मला तर दुसऱ्याचा आवाज लावूनच कळलं की मला काय आवडत नाही. तीक्ष्ण, करकरीत आवाज मला नको हे कळायला तो आधी ऐकावा लागला. आता मी टोन नॉब अर्ध्याच्या खाली ठेवते, बोट गळ्याकडे, आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी. ही पट्टीसुद्धा नक्कलच आहे, कोणाची तरी बघून केलेली, पण आवाज आता मला माझा वाटतो.

भजनातलो_पखवाजी (कुडाळ)

भावांनो मी बेस वाजवणारो न्हय, भजनात पखवाज वाजवतंय, पण ह्या वाचून गप रवाक जमला नाय.

आमच्या पखवाजाच्या डाव्या बाजूक वाजवच्या आधी ओली कणीक लावतत. कणकेच्या वजनान धूम, म्हंजे डाव्या बाजूचो जाड आवाज, खाली उतारता. वाजवन झाला की काढून टाकतत, दुसऱ्या येळेक परत नवी. काल किती लावली ता आज चालणा नाय, पावसात चामडा सैल पडता, उन्हात ताणता, बुवांचो सूर बदललो तर परत येगळा. लावायची, थाप मारायची, ऐकायचा, चिमूटभर काढायची, परत थाप. माझ्या गुरूंनी माका सहा म्हयने नुसती कणीक लावूक दिल्यानी.

तुमी आधी हात की आधी तारा म्हणान भांडतास, माका ती एकच गजाल वाटता. कणीक लावणारो हात आणि थाप मारणारो हात एकाच माणसाचो. आणि डबलबारीत, म्हंजे दोन भजनी पार्ट्यांच्या सामन्यात, समोरची पार्टी चढली की मंडपात धूम कसो लागता ता घराकडे कळणा नाय, ह्या मात्र चिपळूणवाल्या भावाचा खरा.

खारा_वारा

सगळं दोनदा वाचलं. जांभा_चिरा, तुमच्या मनगटाची गोष्ट वाचून वाईट वाटलं आणि एक मान्य करतो, मी ज्या हाताबद्दल बोलत होतो तो चालू स्थितीतल्या बेसवरचा हात होता आणि ते मी लिहायला पाहिजे होतं. काल तारांना बोट पुसलं तर बोट काळं झालं. आठ महिने बदललेल्या नाहीत.

पण प्रीसेटबद्दल मी मागे हटत नाही. सुरंगी ताई, तुम्ही स्पंज लावून ऐकत बसलात, कमी केलं, सरकवलं, ते या पखवाजी दादांच्या कणकेसारखं झालं. मी तीन वर्षं जे केलं त्यात ऐकणं नव्हतंच, बटण दाबायचं आणि नाव वाचायचं. फरक तिथे आहे असं मला आता वाटतंय, आणि हे मला माझ्या पहिल्या पोस्टमध्ये सांगता आलं नव्हतं.

तारा कुठल्या घेऊ? इथल्या हवेला फ्लॅटवाउंड टिकतील का?

जांभा_चिरा

माझ्या अनुभवात राउंडपेक्षा जास्त टिकतात, वेटोळ्यांत घाम आणि मळ अडकायला खाचा कमी. बोटाची करकरही कमी. पण वरचा चमकदारपणा जातो तो परत येत नाही, तो तुम्हाला हवा असेल तर कोटेड (वर थर दिलेल्या) राउंड घ्या आणि वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारांच्या खालूनसुद्धा पुसा. फ्लॅटचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो, चढवल्यावर गळा परत बघावा लागेल, ते विसरू नका.

आणि हो, नॉब मधोमध ठेवण्याचं तुमचं मी आठवडाभर करून बघणार आहे. वर्षभर नाही, आठवडाभर.

कोपऱ्यातला_अँप

सुरंगी ताई, तुमचा आवाज खोटा असं म्हणायचं नव्हतं, खोलीचा भरवसा नाही असं म्हणायचं होतं. तुम्ही तर हेडफोनवर वाजवता म्हणजे तुमच्याकडे भिंतीच नाहीत, तुमचं या सगळ्यांपेक्षा बरं आहे. मंडपाबद्दल मात्र मी ठाम आहे.

भजनातलो_पखवाजी

वेंगुर्लेवाल्या भावा, पुढच्या शनिवारी आमच्या देवळात भजन आसा, बेस घेवन ये. टाळ, पेटी, पखवाज आणि धा-बारा माणसांचो कोरस, तुका दहा जण होयेत तर हय गावतले. बुवा पेटीच्या काळी दोन पट्टीत गातत.

खारा_वारा

येतो. काळी दोन म्हणजे खालचा सा चार तारांच्या बेसवर मोकळा मिळतच नाही, ई तार त्याच्या एक घर वर संपते. ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्यावा लागेल आणि तिथे सूर जाड येतो, पखवाजाच्या धूमवर बसला तर दोन्ही चिखल होतील. बोट ब्रिजकडे न्यावं लागेल बहुतेक. शुक्रवारपर्यंत तारा आल्या तर चढवून, गळा बघूनच येतो.