शब्दचर्चा: 'स्थितिस्थापक' म्हणजे 'लवचीक'च ना?

भाचीला विज्ञान शिकवत होतो. 'स्थितिस्थापकता' आली तशी ती म्हणाली, "मामा, सरळ लवचिकता लिहायला काय जातं यांचं?" मला उत्तर सुचेना. हा एवढा जड शब्द आला कुठून?

—

लवचीक म्हणजे लवणारं, बस. वेताची छडी लवते, तांब्याची तारही लवते. पण छडी सोडली की सरळ होते, तार वाकडी ती वाकडीच. परत येण्याची हमी 'लवचीक'मध्ये नाही. 'स्थितिस्थापक'मध्ये तीच मुख्य.

आणि हा शब्द कुठल्या परिभाषा समितीने पाडलेला नव्हे. न्याय-वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांनी 'संस्कार' नावाचा गुण तीन प्रकारचा मानला: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. १७व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त तिसऱ्याला उदाहरण दिलंय चटईचं. बरेच दिवस गुंडाळून ठेवलेली चटई अंथरून बघा, हात काढला की कडा पुन्हा वळते. यातली भावना म्हणजे ज्याच्यामुळे आपल्याला आठवतं तो संस्कार. त्याच्या पंक्तीला चटई! मला ही जोडी फार आवडते.

—

एक भर घालतो. बोलताना आपण जे खूप ताणलं जातं त्याला 'इलॅस्टिक' म्हणतो. भौतिकशास्त्रात उलटं: तेवढ्याच जोराला जो कमी ताणला जातो, तो जास्त स्थितिस्थापक. पोलादाचा यंग गुणांक (पदार्थ ताणायला किती विरोध करतो त्याचं माप) सुमारे २०० गिगापास्कल, साध्या रबराचा ०.१च्याही खाली. म्हणून पोलाद रबराहून स्थितिस्थापक. बल दुप्पट तर लांबीतली वाढही दुप्पट, हा हुकचा नियम १६७८मधला. पण तो एका मर्यादेपर्यंतच.

—

त्या मर्यादेपलीकडच्या प्रकाराला गॅरेजात एकच शब्द: 'बसली'. स्प्रिंग बसली, पाटे (ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बसले. ट्रकमधला माल उतरवला तरी मागची बाजू खालीच. शाळेत 'स्थितिस्थापकता मर्यादा' घोकली होती, समजली ती असले पाटे खोलताना.

—

झकास! भाचीला 'पाटे बसले' सांगतो. पण मग 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही', हा सुंभ स्थितिस्थापक म्हणायचा का?

—

छे! पीळ म्हणजे कायमचा पडलेला आकार. तो वरच्या तांब्याच्या तारेच्या घरातला. म्हणीतच शोधायचं तर कुत्र्याचं शेपूट घ्या. नळीत असेपर्यंत सरळ, काढलं की ये रे माझ्या मागल्या.