हेल्थवॉच बंद होतंय ते बरं की वाईट? लोकांचं ऐकायचं तरी कुणी?

पाणवठा

इंग्लंडात राहणाऱ्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इथे प्रत्येक कौन्सिलच्या म्हणजे स्थानिक पालिकेच्या हद्दीत हेल्थवॉच नावाची एक छोटी संस्था असते, देशभर मिळून दीडशेच्या वर आहेत. २०१२ च्या कायद्याने आल्या आणि एप्रिल २०१३ पासून कामाला लागल्या. काम काय, तर एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे जीपी (फॅमिली डॉक्टर), डेंटिस्ट, हॉस्पिटलं आणि सोशल केअर म्हणजे केअर होम, घरी येऊन आंघोळ घालणारे, कपडे बदलणारे केअरर, ह्या सगळ्याबद्दल तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे ते गोळा करायचं आणि वर पोचवायचं.

जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की हे गुंडाळायचं. सरकारने नेमलेल्या पेनी डॅश बाईंचा रिपोर्ट आला, त्यात म्हणणं असं की रुग्णांच्या नावाने फार संस्था झाल्यात आणि सगळ्या एकमेकींच्या पायात येतात. म्हणून आरोग्याबद्दल ऐकायचं काम जाणार इंटिग्रेटेड केअर बोर्डांकडे म्हणजे जे सेवा विकत घेतात त्यांच्याकडेच, आणि सोशल केअरचं जाणार कौन्सिलकडे, जी स्वतः केअर होमला पैसे देते. कायदा बदलायला लागणार त्याला, पण दिशा ठरलीये.

मी आमच्याकडच्या हेल्थवॉचला व्हॉलंटियर आहे त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच धरून चाला. पण आपणच पेपर काढायचा, आपणच लिहायचा आणि तपासायचाही आपणच, ह्याला लोकांचा आवाज म्हणायचं का? हा माझा प्रश्न.

करवंद

मी इथे हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स आहे आणि खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. ऐकणाऱ्यांची कमी नाहीये हो इथे, वॉर्डवर माणसांची कमी आहे. फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट म्हणजे पेशंटचं मत विचारणारे फॉर्म आहेत, पॅल्स म्हणजे पेशंटच्या अडचणी ऐकणारं हॉस्पिटलचंच ऑफिस आहे, तक्रार विभाग आहे, त्यावर समाधान नाही झालं तर ओम्बड्समन म्हणजे बाहेरचा तक्रार निवारण अधिकारी आहे, सीक्यूसी म्हणजे दर्जा तपासणारी सरकारी संस्था, ते येऊन तपासून जातात ते वेगळंच. एकाच पेशंटचा एकच अनुभव पाच ठिकाणी लिहिला जातो आणि पाचही ठिकाणचा निष्कर्ष काय तर "स्टाफने जास्त वेळ द्यावा". द्यायला कुठून? रात्रपाळीला दोन नर्सेस कमी असतात तेव्हा वेळ काय खिशातून काढू? त्या पैशात माणसं भरा, पेशंट आपोआप खूष होतील.

पाणवठा

करवंद ताई, पैशाचं बोलताय तर पैसे किती आहेत तेही बघा. २०१३ ला सगळ्या लोकल हेल्थवॉचला मिळून साधारण ४ कोटी पौंड ठरवले होते, नंतर कापत कापत अडीच कोटींच्या आसपास आणले. एनएचएसचं वर्षाचं बजेट दीडशे अब्जांच्या केव्हाच पुढे गेलंय. एवढ्यातून तुमच्या वॉर्डाला एक नर्ससुद्धा धड मिळणार नाही.

आणि फॉर्ममध्ये आणि आमच्यात फरक आहे. आम्हाला आत जाऊन बघायचा कायदेशीर अधिकार आहे. कुणाच्या खाजगी खोलीत बोलावल्याशिवाय जाता येत नाही पण लाउंज, जेवायची खोली, कॉरिडॉर सगळीकडे फिरता येतं, लोकांशी बोलता येतं. एका केअर होममध्ये गेलो होतो, कागदोपत्री सगळं चोख, "रहिवाशांना सदैव पाणी उपलब्ध" वगैरे. पाणी होतंच की! पाण्याचा जग खिडकीच्या कट्ट्यावर आणि आजीबाई खुर्चीत, मध्ये वॉकर आडवा ठेवलेला. बेलची वायर पलंगाच्या पाठीमागे गुंडाळून ठेवलेली, का तर साफसफाई करताना पायात येते. फॉर्मवर "पाणी मिळतं का" ह्याला त्या आजी हो म्हणाल्या असत्या, कारण मागितलं की कुणीतरी देत होतं, कधी ना कधी. हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही रिपोर्ट लिहिला, त्यावर २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं, उत्तर आलं आणि पाण्यासाठी टेबलं खुर्च्यांजवळ हलली.

तिरकी_रेघ

टेबलं हलली. छान.

आता मोठं काहीतरी हललंय का ते पण बघू. मिड स्टॅफर्डशायर आठवतं का? स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात २००५ ते २००९ च्या काळात पेशंट तहानलेले, घाणीत पडलेले, आणि तेव्हा लोकांचा आवाज ऐकायला यंत्रणा नव्हती का? होती ना! आधी पेशंट फोरम होता, २००८ पासून लिंक नावाचं नवं मंडळ आलं. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा फेब्रुवारी २०१३ चा चौकशी अहवाल काढून वाचा, २९० शिफारशी आहेत त्यात. त्यांनी स्वच्छ लिहिलंय की फोरमवाले आपापसातल्या भांडणात आणि नियमावलीत अडकले होते, आणि लिंक तर त्याहून निकामी. मग ओरडलं कोण? ज्युली बेली. त्यांची आई २००७ मध्ये त्याच हॉस्पिटलात वारली, त्यानंतर त्यांनी इतर नातेवाईकांना जमवलं आणि पिच्छा सोडला नाही. बाईकडे ना कायद्याचा अधिकार, ना सरकारी अनुदान, ना लोगो.

म्हणून माझं मत, सरकारी खर्चाने नेमलेला "लोकांचा आवाज" हा आवाज नसतोच, सायलेन्सर असतो. राग आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, चहा पाजायचा, मिनिट्समध्ये त्याचं नाव लिहायचं आणि तो घरी गेला की फाईल बंद.

इतिहासही बघा, १९७४ ला कम्युनिटी हेल्थ कौन्सिलं आणली, इंग्लंडात २००३ ला मोडली, मग फोरम, मग लिंक, मग हेल्थवॉच, आता तेही बंद. २००३ नंतर दर पाच दहा वर्षांनी पाटी बदलते. ज्या संस्थेला इतक्या सहज मोडता येतं तिला आवाज होता असं कसं म्हणायचं?

खडूमास्तर

तिरकी रेघ यांचं अर्धं पटलं. अर्धं नाही, ते इकडच्या अनुभवावरून सांगतो. महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे हे पाच जिल्हे. गावातलेच लोक उपकेंद्राचं, पीएचसीचं प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. अक्षर न वाचता येणारी बाईसुद्धा लाल कुठाय ते बोटाने दाखवू शकायची. आणि मग जनसुनवाई. तिथे डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी सगळे समोर बसलेले आणि एखादी बाई उभी राहून म्हणणार की बाळंतपणाला आले तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं, किंवा बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली, ही बघा ती चिठ्ठी. ती चिठ्ठी हातात धरलेली असली की साहेबाला "तपासून सांगतो" एवढ्यावर सुटता येत नाही, सगळा मांडव बघत असतो.

म्हणजे सरकारी योजनेतूनच आलेला आवाज होता पण चालवणाऱ्या संघटना बाहेरच्या होत्या आणि उत्तर चारचौघांत द्यावं लागायचं. तुमच्या त्या बोर्डाच्या ऑफिसात बंद दाराआड "पेशंट एक्सपीरियन्स" नावाचा विभाग बसला तर चारचौघं येणार कुठून?

करवंद

मास्तर, त्या जनसुनवाईत ज्या नर्सला उभं केलं तिची बाजू कुणी ऐकली का? औषध वरूनच आलं नाही तर चिठ्ठी लिहिणारी काय करणार. आमच्याकडे पण हेच होतं, ज्याने बजेट कापलं तो कधी समोर नसतो, समोर नेहमी युनिफॉर्मवाली.

खडूमास्तर

हा मुद्दा बरोबर आहे, आणि नर्सबाईच तिथे म्हणायच्या की साठा आला नाही. तेही त्याच मांडवात, साहेबांच्या देखत म्हणता यायचं. एरवी पत्र लिहून वाट बघत बसा.

लिंबूटिंबू

मला एवढंच विचारायचंय, ह्या मीटिंगा कधी असतात? कामाच्या दिवशी सकाळी ११ ला असतील तर रिटायर्ड काका आणि ज्यांना बोलायची हौस आहे तेच येणार. दोन शिफ्ट करणारी बाई येणार का? जीपीची अपॉइंटमेंट मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला फोनला चिकटून बसणाऱ्यांना मत द्यायला वेळ कुठाय!

ओसरी

इतके दिवस नुसती वाचते पण आज लिहितेच. माझे सासरे केअर होममध्ये आहेत, स्मृतिभ्रंश आहे, आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केली पण आता इंग्रजी गेलंय, मराठीच उरलीये. होमच्या रोजच्या नोंदीत बऱ्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेलं असायचं की "अस्वस्थ होते, ओरडले, सहकार्य केलं नाही". एकदा मी त्या वेळेला तिथे होते. ते काय ओरडत होते माहितीये? "मला मोरीत जायचंय". बस. स्पष्ट, सभ्य भाषेत सांगत होते. कुणालाच कळत नव्हतं, आणि नंतर पँट ओली झाली की परत नोंद, "सहकार्य केलं नाही".

स्टाफ वाईट नाही हो, पोरी दमलेल्या असतात, त्यातल्या अर्ध्या स्वतः परदेशातून आलेल्या. हॉस्पिटलात निदान दुभाषी मागता येतो, इथे बाथरूमसाठी दुभाषी कोण आणणार? मी एका कागदावर शब्द लिहून पलंगाजवळ चिकटवले, मोरी, पाणी, दुखतंय, थंडी, समोर इंग्रजी अर्थ आणि उच्चार. त्या नोंदी कमी झाल्या.

आता तुम्ही सगळे आवाज आवाज करताय त्यात ह्यांचा आवाज कुठल्या समितीत बसतो ते सांगा. प्रतिनिधी, अनुदान, सायलेन्सर सगळं ठीक आहे. ते मीटिंगला येणार नाहीत, फॉर्म भरणार नाहीत. आणि हो, घर विकून स्वतःच्या पैशाने राहतायत, कारण २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असली की कौन्सिल खर्च देत नाही. मग कौन्सिल त्यांचं का ऐकेल? ते तर कौन्सिलचे गिऱ्हाईकसुद्धा नाहीत.

पाणवठा

ओसरी ताई, हे शेवटचं वाक्य मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, तुमची ओळख न देता, चालेल ना? स्वतः पैसे भरणाऱ्यांचा मुद्दा सगळेच विसरतात. सोशल केअरचं ऐकायचं काम कौन्सिलकडे गेलं तर कौन्सिल ज्यांचं बिल भरते त्यांच्याबद्दल तिला आकडे हवे असतात, बाकीच्यांबद्दल तिला तितकीशी गरजच नाही. आम्ही दारातून आत गेलो की कोण कुणाच्या पैशाने राहतंय हे विचारत नाही.

तिरकी रेघ, पाट्या बदलतात हे मान्य. पण वेल्समध्ये ती कौन्सिलं २००३ ला मोडली नव्हती, २०२३ पर्यंत चालली आणि मग एप्रिल २०२३ ला ल्लाइस नावाची एकच संस्था आणली, आरोग्य आणि सोशल केअर दोन्हींसाठी. त्यांनी बंद न करता वाढवलं. म्हणजे मोडणं हा निसर्गनियम नाही, निर्णय आहे.

तिरकी_रेघ

वेल्सचं घ्या पण स्वतःचं पण सांगा की. तुमच्या लोकल हेल्थवॉचला पैसे कोण देतं? कौन्सिल. आणि वरचं हेल्थवॉच इंग्लंड ही कुणाची कमिटी आहे? सीक्यूसीची. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याकडून पगार घ्यायचा, आणि आता स्वातंत्र्य गेलं म्हणून रडायचं. स्वातंत्र्य होतं कधी?

आणि लोक सहभागी झाले की तब्येती सुधारतात ह्यावर फार विसंबू नका. युगांडात ५० केंद्रांवर प्रयोग झाला होता, गावकऱ्यांना दवाखान्याचं रिपोर्ट कार्ड दिलं, डॉक्टरांबरोबर बसवलं, २००९ च्या पेपरात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचं आलं. जगभर टाळ्या. मग दुसऱ्यांनी ३७६ केंद्रांवर मोठ्या प्रमाणात तेच करून बघितलं तर मृत्यूदरात फरक दिसला नाही, उपचाराचा दर्जा थोडासा सुधारला एवढंच.

करवंद

उपचाराचा दर्जा थोडासा सुधारला हे "एवढंच" कसं काय? वॉर्डवर येऊन बघा थोडासा म्हणजे किती असतो ते.

(मी बाजू बदललेली नाहीये. अजूनही म्हणते आधी माणसं भरा. पण ओसरी ताईंचा तो कागद आमच्या वॉर्डवर एका गुजराती आजींसाठी करून घेणार आहे उद्या, त्यांच्या नातीला सांगून.)

पाणवठा

पैसे कौन्सिल देते हा आमचा कच्चा दुवा आहेच, तो नाकारत नाही. आम्ही कौन्सिलच्या विरोधात कडक रिपोर्ट लिहिला की पुढच्या टेंडरची धाकधूक असतेच. पण उपाय काय? पैसे थेट संसदेकडून द्या, कौन्सिलला मध्ये ठेवू नका. दोरी सैल आहे म्हणून विहिरीत ढकलून द्यायचं हा कुठला न्याय. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांमध्ये निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या, गावपातळीपासून देशपातळीपर्यंत, आणि त्या परिषदा नुसतं मत देत नाहीत, आराखडा आणि खर्च त्यांच्यासमोर ठेवावा लागतो. तिथेही राजकारण शिरतं, नेत्यांची माणसं बसतात, ते सगळं आहे. तरी अर्ध्या खुर्च्या हक्काच्या असणं आणि बोर्डाने मेहेरबानी म्हणून बोलावणं ह्यात फरक आहे की नाही?

तिरकी_रेघ

हक्काच्या खुर्च्या आणि हातात बजेट असेल तर मी पण व्हॉलंटियर होतो. तसं काही इंग्लंडात कुणी देत असेल तर लिंक टाका. तोपर्यंत ज्युली बेलीच बऱ्या.

लिंबूटिंबू

पण ज्युली बेली प्रत्येक गावात असतेच असं नाही ना. आई गेल्यावर वर्षानुवर्षं भांडायची ताकद किती जणांत असते? माझ्यात तर नाही, मी रडून घरी बसेन.

तिरकी_रेघ

ह्याला माझ्याकडे उत्तर नाहीये.

ओसरी

पाणवठा, माझं वाक्य खुशाल वापरा. आमच्या इथल्या हेल्थवॉचच्या साईटवर जाऊन अनुभव लिहून आले आत्ताच, बंद व्हायच्या आत. सेवेचं नाव, तारीख, समाधानी किती त्याचे तारे, सगळं विचारलंय. भाषेबद्दल काही विचारलेलं दिसलं नाही, म्हणून "इतर" मध्ये घातलं.