अनुभव धागा: बालवाडीत गोष्ट सांगून झाल्यावर काय करता?

चिऊ-काऊची गोष्ट सांगायला सात मिनिटं लागतात. खरा प्रश्न त्यानंतरच्या वीस मिनिटांचा. बऱ्याच ठिकाणी तेव्हा मुलांच्या हातात कावळ्याचं छापील चित्र आणि काळा खडू दिला जातो. रंगवायला कोणाची ना नाही, पण त्या कामाला गोष्ट ऐकलेली असायची गरजच नसते. गोष्ट जिथे वळते, म्हणजे शेणाचं घर वाहून जातं, भोपळा घरंगळतो, एकेक शेपटी कमी होते, नेमकं तिथेच मुलांच्या हाताला काम मिळायला हवं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते आपल्याच कोकण किनाऱ्यावर. विकतच्या साधनांऐवजी गावात मिळेल त्या वस्तूंवर काम करण्याची रीत तिथे रुजली. हा धागा त्याच वाटेवरच्या कृतींसाठी. वय तीन ते सहा धरा. प्रमाण, वेळ आणि काय बिघडतं, तेवढं मात्र नक्की लिहा.

गुहागर, बालवाडी शिक्षिका

चिऊ-काऊपासूनच सुरुवात करते. मोठ्या परातीत दोन घरं शेजारी शेजारी मांडायची. काऊच्या घराला दोन ओंजळी ताजं शेण आणि एक ओंजळ चाळलेली माती. पेंढा घालू नका, त्याने घर घट्ट होतं. घर आदल्या दिवशी करून वाळवूही नका. वाळलेली गोवरी पाण्यात पटकन विरत नाही, आणि पाऊस पाडून काऊचं घर उभंच राहिलं तर सगळी गोष्ट अडते. सकाळी करायचं आणि तासाभरात पाऊस पाडायचा.

चिऊच्या घराला चहापुडीचा पुठ्ठ्याचा खोका. त्यावर पांढरी मेणबत्ती दाबून घासायची, हे काम मुलांचं. कापलेल्या कडा आणि कोपरे नुसत्या घासण्याने बंद होत नाहीत, तिथून पाणी शिरून पुठ्ठा फुगतो. तेवढ्या जागी मोठ्यांनी वितळलेलं मेण ओतावं. पावसासाठी लिटरच्या बाटलीच्या झाकणाला आठ-दहा भोकं पाडा. भोकं मोठी झाली तर धार पडते आणि चिऊचं घरही आडवं होतं.

हाताला जखम असलेल्या मुलाने शेणात हात घालायचा नाही, त्याला बाटली द्या. नंतर सगळ्यांचे हात साबणाने, नखांसकट. एखाद्या पालकांना शेण चालत नसेल तर नुसत्या मातीनेही काम भागतं.

मोठ्या गटाला पुढचा प्रश्न विचारता येतो: उन्हात कोणाचं घर टिकेल? एप्रिलमध्ये मेणाची गोळी पत्र्यावर आणि शेणाची गोळी तिच्या शेजारी ठेवा. मेण मऊ पडतं, शेण कडक होतं. मुलं कावळ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

“थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते” हा भाग क्रम लावण्यासाठी आहे. अंघोळ, अंग पुसणं, अंगडं, तीट, पाळणा अशी पाच चित्रं. तीन वर्षांच्या मुलांना पहिली तीनच द्या. त्याआधी घमेल्यात कोमट पाणी घेऊन खऱ्या बाहुलीला अंघोळ घालून घ्या. हाताने केलेला क्रम चित्रात लावता येतो, आधी चित्रं आणि मग हात असं जमत नाही.

दापोली, निवृत्त शिक्षक

तहानलेल्या कावळ्याचा प्रयोग निम्म्या वर्गांत फसतो आणि कारण एकच: पाणी कमी. बाटलीत गोटे भरले की त्यांच्यामध्ये फटी राहतात, साधारण चाळीस टक्के जागा. पाणी तेवढ्या फटींपुरतंच असेल तर ते गोट्यांत मुरून बसतं, कितीही गोटे टाका, काठाला येत नाही. म्हणून बाटली निम्म्याहून थोडी जास्त भरा. दोन बाटल्या घ्याव्यात, एकीत पाव भाग पाणी, दुसरीत अर्ध्याच्या वर. पाववाल्या बाटलीतला कावळा तहानलेलाच राहतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ही गंमत कळते, लहान गटाला दुसरी बाटलीच दाखवा.

बाटली पारदर्शक, रुंद तोंडाची. पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर पातळी लांबून दिसते. प्रत्येक पाच गोट्यांनंतर बाहेरून तेलखडूने रेघ मारा.

जांभ्याचे तुकडे वापरू नका. जांभा सच्छिद्र असतो, स्वतःच पाणी पितो आणि पाणी लाल करतो. ओढ्याचे गुळगुळीत गोटे घ्या, सव्वातीन सेंटीमीटरहून मोठे, म्हणजे तोंडात घातले तरी घशात उतरणार नाहीत. गोटा वरून सोडला तर पाणी उडून पातळी खाली जाते, म्हणून बाटली तिरकी धरून घरंगळत सोडायला शिकवा.

कुडाळ, बालवाडी शिक्षिका

आधी भाषेचं. आमच्याकडच्या मुलांच्या घरात मालवणी असते. पहिल्या दिवशी गोष्ट मालवणीत सांगा: “थांब रे कावळ्या, माज्या झिलाक न्हाऊक घालतंय.” तीच गोष्ट तिसऱ्या दिवशी पुस्तकी मराठीत. गोष्ट ठाऊक झालेली असल्याने नवे शब्द तिच्या आधाराने कळतात. दोन्ही बोली एकाच सांगण्यात मिसळल्या तर मूल पुढचं वाक्य ओळखू शकत नाही, आणि सोबत म्हणणं थांबतं.

आता सावल्यांचा खेळ. शेजारी पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे, तिची छोटी आवृत्ती वर्गात होते. दोन खांबांना जुनं पांढरं धोतर ताणून बांधा, सुरकुती राहू देऊ नका. मागे दीड मीटरवर एकाच दिव्याची बॅटरी, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर. ट्यूबलाइट चालत नाही, उजेड लांब पट्टीतून येतो आणि सावलीच्या कडा विरघळतात.

बाहुल्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या, वीतभर. डोळ्याच्या जागी भोक पाडा, तिथून उजेड आला की प्राणी जिवंत वाटतो. काठीला झावळीचा एक हीर (पात्याची मधली काडी) वाकतो, म्हणून तीन हीर एकत्र दोऱ्याने गुंडाळा. बाहुली कापडाला टेकवली की सावली रेखीव, दिव्याकडे नेली की मोठी आणि पुसट. उंदराच्या टोपीच्या गोष्टीत राजा बाहुलीनेच लहान करता येतो: उंदीर दिव्याकडे, राजा कापडाजवळ. हे मुलांनाच शोधू द्यावं, आधी सांगितलं तर खेळ संपला.

अलिबाग, घरी शिकवणारी आई

चल रे भोपळ्या टुणुक टुणुक. बाजारातला लाल भोपळा बहुधा चपटा असतो, तो घरंगळत नाही, कुशीवर बसतो. दोन-तीन किलोचा, शक्य तितका गोल निवडा आणि देठ कापून टाका. एक मीटरची फळी, एका टोकाखाली एक वीट. दोन विटांनी वेग फार होतो. खाली गोणपाट. भोपळा उतरण्याच्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही, अनवाणी पायावर तीन किलो पडले तर चांगलंच लागतं. शेजारून चेंडू, सोललेला नारळ आणि डबा सोडून बघा. नारळ डगमगत तिरका जातो. का, ते मुलं हाताने चाचपून सांगतात.

मग भोपळा कापा (मोठ्यांनी). गर आणि बिया पातेल्यात पाण्याखाली चोळल्या की बिया वर तरंगतात. एका भोपळ्यात शेकडो बिया निघतात, सगळ्या मोजायला लावू नका, मूठभर पुरे. लहानांनी पाचाचे, मोठ्यांनी दहाचे ढीग एकेका शिंपल्यात.

पेरायला करवंटी, पण डोळ्यांकडचं अर्ध घ्या. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो टोचला की पाणी जायला आयती वाट. दुसरं अर्ध घेतलं तर पाणी साचतं आणि बी कुजतं. दोन सेंटीमीटर खोल, रोज दोन चमचे पाणी. उन्हाळ्यात आठवड्याच्या आसपास कोंब दिसतो. मुलं दिवसातून पाच वेळा पाणी घालतात, त्यावर उपाय म्हणजे चमचा ताईंकडे ठेवणं.

म्हातारीची तूप-रोटी करायची असेल तर कणीक वापरा. तांदळाच्या पिठाला उकड लागते, गार पाण्याने ती भेगाळते आणि गरम उकड लहान हातांना सोसत नाही.

देवगड, अंगणवाडी सेविका

पंचवीस मुलं आणि एक बाहुली असं गणित असेल तर काय करायचं? सहा-सातांचे गट आणि चार उंदीर. उंदीर म्हणजे जुना मोजा, आत कापूस. गोष्ट अर्थात सात शेपट्यांच्या उंदराची.

शेपट्यांना सुंभ घेऊ नका, तुसं बोटांत जातात. जुन्या साडीच्या पट्ट्यांची वीतभर वेणी घाला. शेपटी कापायची नाही, कपड्याच्या चिमट्याने लावायची आणि काढायची. बोटांना जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला तोच लागतो. चिमट्याची स्प्रिंग फार कडक असेल तर तीन वर्षांच्या मुलाला उघडत नाही, वापरून सैल झालेले चिमटे आणा.

नेहमीची चूक ही: पहिली शेपटी निघाली की मूल “एक” म्हणतं, आणि आपण “सहा” ऐकायची वाट बघत असतो. मूल चुकलेलं नसतं, ते काढलेल्या मोजतं, आपण उरलेल्या. म्हणून दोन ताटल्या मांडा. शेपटी काढली की एक शिंपला ‘उरलेल्या’तून ‘काढलेल्या’त. एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार. सात कसकसे फुटतात ते समोर दिसतं. शेवटी रिकामी ताटली दाखवून आधी “काहीच नाही” म्हणा. ‘शून्य’ हा शब्द दोन दिवसांनी आणला तरी चालतो.

या गोष्टीत चिडवणं आहे, ते टाळून जाऊ नये. सात असताना चिडवलं, एकही नसताना चिडवलं, मग उंदराने कोणाचं ऐकायचं होतं, हे चार वर्षांची मुलं बोलून दाखवतात.

सावंतवाडी

थोडक्यात पण महत्त्वाचं. मोजायला बिया गोळा करताना गुंजा, एरंड, मोगली एरंड आणि कण्हेर वर्गात आणू नका, विषारी आहेत. कुंपणाला मोगली एरंड असतोच, मुलांना झाड दाखवून ठेवा. कच्ची काजूबी टरफलासकट देऊ नका, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. चिंचोके, धुऊन वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या, सागरगोटे चालतात, तोंडात वस्तू घालण्याचं वय सरल्यावर. शिंपले तिसऱ्या किंवा मुळे या खायच्या शिंपल्यांचे, दहा मिनिटं उकळून, कडा जांभ्यावर घासून. कालवांची कवचं नकोत, धार फार. आत जीव असलेला शिंपला जिथला तिथे ठेवायचा.

पेण, मूर्तिकामातून बालवाडीत

प्राणी घडवायला आपली लाल माती घेतली जाते आणि मग भेगा पडतात. तिच्यात खडे आणि वाळू जास्त, चिकटपणा कमी. भाताच्या खाचरातली चिकण माती किंवा शाडू वापरा. किलोभर शाडू रात्रभर पाण्याखाली भिजवा, वरचं पाणी ओता, सकाळी दहा मिनिटं मळा. हाताला चिकटेनाशी झाली की तयार. मगर जाड आणि तिची शेपटी बारीक केली तर शेपटी आधी वाळून तुटते. शेपटी पाटाला टेकवून करा, किंवा आत हिराचा तुकडा घाला. वाळवण सावलीत.

मैद्याच्या गोळ्याबद्दल: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, पाऊण ते एक वाटी पाणी. हे कोरड्या हवेचं प्रमाण. जुलैत आपल्याकडे मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोळ्याला घाम सुटतो आणि तो चिकट होतो. पावसाळ्यात मीठ वगळा, पाणी कमी घाला, गोळा त्याच दिवशी वापरून संपवा. बिनमिठाचा गोळा दुसऱ्या दिवशी आंबतो.

डहाणू

वारली पद्धतीने गोष्ट काढताना दोन चमचे तांदूळ चार-पाच तास भिजवून वाटा, थोडा डिंक घाला, नाहीतर वाळल्यावर पीठ झडतं. गेरूने रंगवलेला जाड कागद पूर्ण वाळलेला हवा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ओलं असताना चित्र जवळजवळ दिसतच नाही, वाळलं की पांढरं उठतं. हे आधी सांगा, नाहीतर मुलं एकाच रेषेवर पुन्हापुन्हा लेप देतात आणि जाड थर तडकतो.

चिपळूण, बालवाडी शिक्षक

आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यामुळे माकड आणि मगर ही गोष्ट इथे लांबची राहत नाही. मुलं हमखास विचारतात: काळीज झाडावर कसं ठेवतात? पेणच्या ताईंनी मगर घडवायला सांगितली, त्याआधी हे करून बघा. सहा-सात सेंटीमीटर तोंडाचं प्लास्टिकचं नरसाळं, त्याच्या नळीवर घट्ट बसेल अशी पन्नास सेंटीमीटर पारदर्शक नळी. जोड सैल असेल तर आवाज गळतो, चिकटपट्टीने गुंडाळा. नरसाळं छातीवर, किंचित डावीकडे, पातळ कपड्यावरून किंवा उघड्या अंगावर दाबून धरायचं. गणवेशाच्या जाड खिशावरून काही ऐकू येत नाही. नळीचं टोक कानाशी टेकवायचं, आत खुपसायचं नाही. नळीत ओरडायला सक्त मनाई, दुसऱ्याच्या कानाला इजा होते.

आधी बसून काळजाचे ठोके ऐका, मग वीस उड्या मारून ऐका. पंखा बंद. जोडीजोडीने, बाकीच्यांना त्या वेळी मातीकाम द्या, नाहीतर वर्ग शांत राहत नाही. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, नरसाळ्यातून फक्त पाऊसच ऐकू येतो. गणपती झाले, पाऊस ओसरला, की ही गोष्ट घ्या.