मदत हवी आहे: यांकीजच्या २०२४-२५ च्या ऑफसीझनला श्रेणी कशी द्यायची?

बकुळी:
नमस्कार मंडळी. इथे बेसबॉलचे जाणकार असतील तर मदत हवी आहे, तीही जरा लवकर.

लेक आठवीत आहे, न्यू जर्सीत. गणिताच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलाय: एक संघ घ्या, एका ऑफसीझनमधले (दोन हंगामांच्या मधल्या काळातले) त्याचे ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) आणि करार घ्या आणि प्रत्येकाला अ ते ड श्रेणी द्या. कारण आकड्यांत हवं. कन्येनं अर्थातच यांकीज घेतले. नवरा न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचा, मेट्सवाला, त्यामुळे त्याला विचारायची सोय नाही.

आतापर्यंत जमवलेलं असं. डिसेंबर २०२४ मध्ये यांकीजचा बॅटर हुआन सोटो मेट्सकडे गेला, १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर. यांकीजची बोली १६ वर्षांना ७६ कोटींची होती, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. त्यानंतर पुढच्या दोन आठवड्यांत यांकीजनी धडाधड चार व्यवहार उरकले. पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) मॅक्स फ्रीडला ८ वर्षांचे २१.८ कोटी. पिचर नेस्टर कोर्टेस आणि केलेब डर्बिन मिलवॉकीच्या ब्रूअर्सना देऊन क्लोजर (सामन्याच्या शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स. पिचर कोडी पोटीट शिकागोच्या कब्जना देऊन बॅटर कोडी बेलिंजर. आणि बॅटर पॉल गोल्डश्मिट, एका वर्षाचे सव्वा कोटी.

अडलंय ते इथे. श्रेणी डिसेंबरच्या माहितीवर द्यायची की पुढच्या ऑक्टोबरमधल्या, हंगाम संपतानाच्या निकालावर? आणि सोटो गेला त्याचे गुण कापायचे का? २०२५ मध्ये यांकीजनी ९४ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत, डिव्हिजन सिरीजमध्ये, टोरांटोकडून ३-१ असे हरले. एवढ्यावरून काय म्हणायचं?

कट्टेकरी:
वर्ल्ड सिरीज (अंतिम लढत) जिंकली नाही ना? मग ड. विषय संपला. :)

डावखुरा:
कट्टेकरींकडे दुर्लक्ष करा, ते बॉस्टनचे आहेत आणि वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत) आमच्या यांकीजकडूनच हरलेत.

ताई, दोन रकाने करा. एकात त्या दिवशी ठाऊक असलेलं, दुसऱ्यात पुढे घडलेलं. श्रेणी पहिल्यावर द्या, दुसरा रकाना पडताळणीला. नाहीतर आमचा मुख्य पिचर गेरिट कोल, त्याचं काय करणार? मार्च २०२५ मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि अख्खा हंगाम गेला. ते डिसेंबरमध्ये कुणाला दिसत होतं? फ्रीड घेतला म्हणून पिचिंग तरलं, एवढंच. १९ विजय, ईआरए (दर नऊ इनिंग्जला दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) २.८६. त्याला मी अ-उणे देईन. उणे अशासाठी की करार संपेल तेव्हा तो ३८ चा असेल, आणि ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पैशाचंही लेकीला नीट समजावा. आयपीएलच्या लिलावात पर्स संपली की हात खाली. इथे तशी पक्की मर्यादा नाही, कर आहे. २०२५ मध्ये रेषा २४.१ कोटींची होती. वर्षानुवर्षं ती ओलांडणारा संघ ३०.१ कोटींच्या पुढे गेला की पुढच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर भरतो. यांकीज तिथेच होते. म्हणजे गोल्डश्मिटचे सव्वा कोटी मालकाला अडीच कोटींच्या वर पडले. ०.२७४ ची बॅटिंग सरासरी आणि १० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे) यांना ही किंमत? डावखुऱ्या पिचरांना त्याने छान झोडलं, पण तेवढ्यासाठी ब.

बेलिंजरचा ट्रेड मात्र निव्वळ लूट. कब्जनी चारच दिवस आधी बॅटर काइल टकर आणला होता, त्यांना बेलिंजरचा पगार अंगावरून उतरवायचा होता. पोटीट घेतला आणि वर ५० लाख डॉलर दिले! डावखुरा बॅटर, आणि यांकी स्टेडियममध्ये उजव्या कोपऱ्याची भिंत फक्त ३१४ फुटांवर, म्हणजे डावखुऱ्यांना होमरन सोपा. २९ होमरन, ९८ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा). डोळे मिटून अ.

वरणफळ:
डावखुरा, विल्यम्सवर बरे गप्प बसलात. :) खरा घोळ तिथेच आहे.

बकुळी, लेकीला सांगा की या एका ट्रेडवर एक पान लिही. कोर्टेसचं दुःख कुणालाच नाही. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात डॉजर्सच्या फ्रीमनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला तो त्यालाच. पुढे २९ मार्चला तो ब्रूअर्सकडून यांकीजसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमरन गेले: गोल्डश्मिट, बेलिंजर, आणि यांकीजचा आरन जज. त्यातले पहिले दोघे याच ऑफसीझनचे! लेकीनं हा किस्सा टाकला तर बाई खूश. पण एका डावातल्या तीन चेंडूंवरून श्रेणी देऊ नका.

प्रश्न डर्बिनचा आहे. तेव्हा तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता, हे मान्य. पण सेकंड बेसवरच्या ग्लेबर टोरेसचा करार संपलेला, म्हणजे सेकंड किंवा थर्ड बेस या क्षेत्ररक्षणाच्या जागांपैकी एक रिकामी राहणार हे डिसेंबरमध्येच दिसत होतं. दोन्हीकडे खेळू शकणारा, सहा वर्षं स्वस्तात हाताशी राहणारा पोरगा तुम्ही देता आणि घेता कुणाला, तर एका हंगामानंतर मोकळा होणारा क्लोजर. मे महिन्यात थर्ड बेसवरच्या काब्रेराचा घोटा मोडला. जुलैत त्या जागी रायन मॅकमॅहन आणायला दोन तरुण पिचर द्यावे लागले, शिवाय २०२७ पर्यंतचा पगार डोक्यावर. तिकडे डर्बिन मिलवॉकीत थर्ड बेसवर खेळून रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात तिसरा आला. माझी श्रेणी क-उणे, आणि तीही डिसेंबरच्याच माहितीवर.

डावखुरा:
गप्प नव्हतो, टाइप करत होतो. विल्यम्सचा ईआरए ४.७९, एप्रिलमध्येच क्लोजरची जागा गेली, सगळं खरं. पण ६२ इनिंग्जमध्ये ९० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आहेत. असा पिचर वाईट फेकत नसतो. मी क देईन, उणे नाही.

बकुळी:
दोघांचेही मनापासून आभार. कन्या म्हणते विल्यम्सला क-उणेच, वरणफळ काकांचं बरोबर आहे. आता सोटोचं सांगा. नवरा मागून ओरडतोय की सोटोचे ४३ होमरन आणि ३८ चोऱ्या (चोरून गाठलेले बेस) लिहाच.

डावखुरा:
लिहा की. आणि त्याच्या शेजारी लिहा की मेट्स ८३ विजयांवर अडकले आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफमधून बाहेर पडले. :) गंमत सोडा. ७६ कोटी देऊ केल्यावर खेळाडू गेला तर व्यवस्थापनाचे गुण कापू नयेत. मात्र त्याच्या जागी काय आणलं ते मोजावं. वॉर घ्या, म्हणजे बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले तो अंदाज. सोटो साधारण ६. बेलिंजर आणि फ्रीड प्रत्येकी साधारण ५. आता खर्च बघा. सोटोचा वर्षाला ५.१ कोटी, यांकीजच्या चौघांचा मिळून त्या वर्षी ७ कोटींच्या वर. म्हणजे जास्त मिळालं, पण फुकट नाही मिळालं.

वरणफळ:
एक मात्र सांभाळा. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन साइट पिचरचा वॉर वेगवेगळ्या रीतीने काढतात. पहिला दिलेल्या धावांवरून, दुसरा स्ट्राइकआउट, वॉक (बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि होमरनवरून. फ्रीडला फारसा फरक पडणार नाही, पण विल्यम्सचा आकडा दोन्हीकडे बराच वेगळा दिसेल. सगळ्यांसाठी एकच साइट धरा आणि कुठली ते वर लिहा. क की क-उणे, हा आमचा वाद तिथूनच सुरू होतो.